शिवथर, जावळी आणि ॲक्शन आरपीजी: इतिहास किती उंचीवरून पाहावा?

१/
जानेवारी १६५६. शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली. पाठ्यपुस्तकात ही घटना एका परिच्छेदात संपते. नकाशावरच्या रणनीतीच्या खेळात ती एका क्षणात संपली असती: प्रांताचा रंग बदलला आणि डाव पुढे सरकला. पण तीच घटना शिवथरच्या खोऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या साध्या पाइकाच्या खांद्यामागून पाहिली तर? त्याला काय दिसले असते, काय कळले असते आणि कशाची निवड त्याच्या हाती असती? ॲक्शन आरपीजी हा खेळप्रकार हाच प्रश्न विचारतो, आणि इतिहासाच्या अभ्यासकालाही तो टाळता येत नाही. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/
प्रथम खेळप्रकाराची ओळख. रोल-प्लेइंग गेम जन्माला आला तो कागद, फासे आणि गप्पा यांतून. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यायचे, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे आणि यशापयश फाशांवर सोपवायचे, अशी त्याची रीत. पुढे १९८०च्या दशकातल्या काही जपानी खेळांनी आणि १९९६च्या अखेरीस आलेल्या ‘डायब्लो’ने पाळीपाळीने चालणारी लढाई बाजूला सारली. तलवार आता त्याच क्षणी, स्वतःच्या बोटांनी चालवावी लागू लागली. ‘विचर ३’ (२०१५) आणि ‘एल्डन रिंग’ (२०२२) ही या घराण्यातली अलीकडची थोर नावे.

३/
या प्रकाराचे तीन खांब आहेत. एक, जग एकाच पात्राच्या उंचीवरून दिसते. दोन, अनुभवागणिक ते पात्र बळकट होत जाते. यालाच ‘लेव्हल’ वाढणे म्हणतात. तीन, संवादांत आणि प्रसंगांत निवड करावी लागते आणि तिचे परिणाम भोगावे लागतात. हे तिन्ही खांब शिवथरच्या जमिनीत रोवून पाहिले, तर पहिला घट्ट बसतो, दुसरा डगमगतो आणि तिसरा अभ्यासकाला बरेच काही शिकवून जातो.

४/
जगभर खेळल्या गेलेल्या खेळांत मराठे आले ते मुख्यतः रणनीतीच्या वाटेने. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) मध्ये मराठ्यांची सत्ता घेऊन खेळता येते, ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ मध्येही मराठे आहेत. तेथे खेळणारा आकाशातून पाहतो. सैन्य, महसूल, तह आणि सीमा त्याला दिसतात. माणूस दिसत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ आणला, तेव्हा भारतीय वास्तुकला आणि चित्रशैली एका मुलीच्या पावलांनी पाहता आली. मात्र राजीचे जग पुराणकथेचे आहे. तेथे दैत्य आहेत, दस्तऐवज नाहीत.

५/
दस्तऐवजांच्या जवळ राहणारा नमुना पाहायचा तर चेक प्रजासत्ताकाकडे वळावे लागते. प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओजचा ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) हा ॲक्शन आरपीजी १४०३ सालच्या बोहेमियात घडतो. राजा वेन्सेस्लास आणि त्याचा सावत्र भाऊ सिगिसमुंड यांच्या संघर्षात एक खाणीचे गाव जाळले जाते आणि लोहाराचा पोरगा हेन्री त्यातून वाचतो. खेळात ड्रॅगन नाहीत, जादूचे मंत्र नाहीत. हेन्रीला आरंभी वाचतासुद्धा येत नाही. ते शिकावे लागते. स्कालिट्झ, राताये, साझावा ही खरी गावे. युरोपच्या इतिहासग्रंथांत ज्यांना जेमतेम तळटीप मिळाली असती, ती लक्षावधी तरुणांना पाठ झाली.

६/
शिवथर हेही असेच तळटिपेतले खोरे. आजच्या रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात कसबे शिवथर, कुंभे शिवथर, आंबे शिवथर अशी गावे आहेत. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत. त्या भिंतीतून वरंधा घाट भोरकडे चढतो आणि त्यावर कावळ्या किल्ल्याची नजर असते. दक्षिणेला पोलादपूरच्या बाजूने पारघाट जावळीकडे जातो. मंगळगड आणि चंद्रगड याच मुलखातले. सगळे पाणी अखेरीस सावित्रीला मिळते, आणि सावित्रीच्या खाडीवर महाड हे जुने बंदर.

७/
या भूगोलाचा अर्थ सरळ आहे. बंदरातला माल देशावर चढायचा तर तो याच घाटांनी. देशावरचा माल खाली उतरायचा तर तोही याच वाटांनी. घाट ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती, आणि बातमीही त्याच्याच हाती. खेळांत ‘फास्ट ट्रॅव्हल’ नावाची सोय असते: नकाशावर बोट ठेवले की पात्र तेथे पोहोचते. सतराव्या शतकातल्या जावळीची सारी सत्ता ही सोय नसण्यावर उभी होती. येथे घाट वगळून खेळ रचला, तर मोऱ्यांचे सामर्थ्य कशात होते हेच खेळणाऱ्याला कळणार नाही.

८/
मोरे हे आदिलशाहीच्या छत्राखालचे, पण आपल्या रानात जवळजवळ स्वतंत्र असलेले घराणे. ‘चंद्रराव’ हे व्यक्तीचे नाव नव्हे. ती पिढ्यानपिढ्या चालत आलेली पदवी. दौलतराव मोरे निपुत्रिक वारल्यावर घराण्याच्या शिवथर शाखेतून दत्तक घेतला गेला आणि त्या दत्तकाला महाराजांचे पाठबळ होते, असे परंपरा सांगते. पुढे याच चंद्ररावाशी महाराजांचे बिनसले. म्हणजे शिवथरच्या दृष्टीने १६५६चा प्रसंग ‘परका शत्रू चालून आला’ इतका सोपा नव्हता. गादीवर बसलेला आपल्यातला, त्याला बसवायला हातभार लावणारे महाराज, आणि आता तेच दोघे समोरासमोर.

९/
येथे दुसरा खांब डगमगतो. आरपीजीचा नायक एकट्याने बळकट होतो: चार लढाया मारल्या, तलवार चांगली मिळाली, लेव्हल वाढली. मावळात आणि कोकणाच्या घाटपट्टीत माणसाचे बळ त्याच्या मनगटात कमी आणि वतनात अधिक असे. वतन म्हणजे वंशपरंपरेने आलेला हक्क आणि त्याच्यासोबतची जबाबदारी: गावाचा वसूल, मानपान, न्यायनिवाडा. ते कागदावर, शिक्क्यावर, सोयरिकीवर आणि भाऊबंदांच्या साक्षीवर टिके. कित्येक खेळांत गावागावांतली पत मोजणारी एक यंत्रणा असते. सतराव्या शतकाला तलवारीच्या आकड्यांपेक्षा ही पत अधिक जवळची आहे.

१०/
पुरावा पाहू. कारीच्या जेधे घराण्याकडे राहिलेली ‘जेधे शकावली’ ही तिथिवार नोंदींची यादी लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. महाराजांच्या जन्मतिथीच्या चर्चेत जिचे नाव येते, ती हीच. तिच्यानुसार शके १५७७च्या पौषात महाराजांनी जेधे, बांदल, सिळीमकर आदी मावळच्या देशमुखांचा जमाव घेऊन जावळी घेतली; १५ जानेवारी १६५६ ही प्रचलित तारीख. चंद्रराव रायरीवर गेला. पुढे वैशाखात सिळीमकरांनी मध्यस्थी करून त्याला खाली उतरवले. लढाई आहे, वेढा आहे, आणि शेवटी मध्यस्थ आहेत: त्याच पट्ट्यातले, दोन्ही बाजूंना ओळखणारे वतनदार.

११/
त्या दोन महिन्यांकडे पुन्हा पाहावे. पौषात आरंभ, वैशाखात शेवट. ज्येष्ठ लागला की या खोऱ्यात ओढे फुगतात, घाट निसरडे होतात आणि सैन्याला दाणागोटा पोहोचवणे अशक्यप्राय होते. मोहीम कोरड्या ऋतूत बसवलेली दिसते. गेममधला पाऊस बहुधा देखावा असतो; येथे तो सेनापतीइतकाच निर्णायक. आजही तो तसाच आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. या नकाशावर माणसे राहतात, हे कोणत्याही खेळ रचणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

१२/
आता दुसरी कथा. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या काळात, १६९४च्या सुमारास बखर लिहिली. तिच्यात रघुनाथ बल्लाळ सोयरिकीच्या बोलणीचे निमित्त करून हणमंतराव मोऱ्याला भेटतो आणि एकांतात त्याला कट्यारीने मारतो. त्यानंतर जावळी पडते. तिसरी कथा आणखी उशिराची. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, ग्रँट डफचा ग्रंथ १८२६चा. या उत्तरकालीन परंपरेत बोलणीच्या मिषाने मारला जातो तो खुद्द चंद्रराव, आणि तोही चढाईच्या आधीच.

१३/
तीन साधने, तीन क्रम. शकावलीत मारेकरी नाही. सभासदात मारला जातो तो हणमंतराव. उत्तरकालीन कथेत चंद्रराव. चंद्रराव आरंभीच मारला गेला असेल, तर वैशाखात रायरीवरून उतरला तो कोण? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अभ्यासक येथे काळाचे अंतर, लिहिणाऱ्याचा हेतू आणि तपशिलांची सुसंगती पाहतो. शकावली त्रोटक आहे, पण तिच्यात नाट्य रंगवण्याचा सोस नाही. मात्र ती जेध्यांच्या घरची आहे, म्हणून तिच्यात जेध्यांचे नाव ठळक असणार, हेही विसरता येत नाही.

१४/
मोऱ्यांच्या तोंडी घातलेले एक उद्दाम पत्र आज रील्समध्ये मोठ्या आवाजात ऐकू येते. तेही उत्तरकालीन बखरीतूनच आले आहे. त्यातला आवेश पडद्याला शोभतो, म्हणून ते टिकले. खेळ रचणाराही याच मोहात पडतो. तीन कथांपैकी सर्वांत नाट्यमय ती उचलायची, तिचा चकचकीत प्रसंग बनवायचा, आणि मग तो ज्या हजारो तरुणांनी पाहिला त्यांच्यासाठी तोच इतिहास. वाचलेल्या वाक्याविषयी शंका घेता येते; स्वतःच्या हातांनी ‘खेळलेल्या’ प्रसंगाविषयी शंका घेणे कितीतरी कठीण.

१५/
पण हाच खेळप्रकार पुस्तकाला न जमणारी गोष्टही करू शकतो. शिवथरच्या पाइकाला नेमके काय घडले ते कोठून कळले असते? बाजारात एकाने म्हणावे, बोलणी चालू आहेत. घाटावरून आलेल्या बैलवाल्याने म्हणावे, हणमंतराव मारला गेला. रायरीकडून परतलेल्याने शपथेवर सांगावे, चंद्रराव गडावर आहे, स्वतः पाहिला. तिन्ही बातम्या त्याच्या कानी पडाव्यात आणि दरवाजा उघडायचा की नाही, हे त्याला त्यांवरच ठरवावे लागावे. साधनांमधला विरोध तळटिपेतून उठून माणसाच्या पोटात गोळा आणतो तो असा.

१६/
मग तिसरा खांब: निवड. खेळणाऱ्याला जावळी वाचवू द्यायची काय? ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ (२०२५) मध्ये निवडी खेळणाऱ्याऐवजी खेळच करील अशी वेगळी पद्धत देण्यात आली. इतिहास आणि स्वातंत्र्य यांची ओढाताण तिच्यातून उघड दिसते. ‘किंगडम कम’चे उत्तर वेगळे आहे. हेन्रीने काहीही केले तरी त्याचे गाव जळतेच. मोठा प्रवाह ठरलेला. त्यात कोणाला हात द्यायचा, कोणाशी खोटे बोलायचे, एवढे मोकळे. शिवथरलाही हेच लागू पडते. जावळी पडणारच. आपल्या धन्याच्या भावाला रात्री घरात घ्यायचे की नाही, हा प्रश्न मात्र त्या पाइकाचा स्वतःचा.

१७/
अशा निवडीचे खरे, नाव असलेले उदाहरण याच मुलखात आहे. मुरारबाजी देशपांडे. महाड तालुक्यातील किंजळोली हे त्यांचे गाव मानले जाते. परंपरेनुसार ते चंद्रराव मोऱ्यांच्या पदरी होते आणि जावळीच्या लढाईत महाराजांच्या सैन्याविरुद्ध लढले. लढाई संपल्यावर महाराजांनी त्यांना आपल्याकडे बोलावले आणि ते आले. नऊ वर्षांनी, १६६५ मध्ये, दिलेरखानाने पुरंदरास वेढा घातला तेव्हा किल्ल्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. सभासद सांगतो की त्यांचा पराक्रम पाहून दिलेरखानाने त्यांना कौल देऊ केला. त्यांनी तो धुडकावला आणि ते लढता लढता पडले.

१८/
खेळाच्या भाषेत हे दोन संवाद एकाच साच्याचे आहेत. समोर विजयी सेनानी, त्याच्याकडून चाकरीचे आमंत्रण, आणि दोन पर्याय: स्वीकार किंवा नकार. एकाच माणसाने १६५६ मध्ये पहिला पर्याय घेतला आणि १६६५ मध्ये दुसरा. पहिल्याला कोणी फितुरी म्हणत नाही. दुसऱ्याला सारे निष्ठा म्हणतात. का? पहिल्या वेळी धन्याची सत्ता संपली होती, दुसऱ्या वेळी धनी उभा होता, हे एक कारण. बोलावणारा याच डोंगरांतला होता की मोगल सरदार, हे दुसरे. नऊ वर्षांत ‘आपले’ या शब्दाचा अर्थ रुंदावला होता, हे कदाचित तिसरे.

१९/
येथे खेळ थांबतो आणि इतिहास सुरू होतो. खेळ पर्याय मांडतो, परिणाम दाखवतो. पर्याय ज्या जगात अर्थपूर्ण होता ते जग अभ्यासकाला उभे करावे लागते. १६५६ नंतर रायरीचा रायगड झाला, प्रतापगड बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा प्रसंग त्याच जावळीच्या रानात घडला. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यातलेच. मोऱ्यांच्या मुलखातली माणसे स्वराज्याची माणसे झाली. हे केवळ एका विजयाने होत नाही. मुरारबाजींसारख्या अनेकांनी, ज्यांची नावे उरली नाहीत त्यांनीही, आपापल्या दारात उभे राहून काहीतरी ठरवले तेव्हा ते झाले.

२०/
आणखी एक सावधगिरी: नकाशावरची चिन्हे. खेळात महत्त्वाचे ठिकाण आयतेच चमकते. शिवथरघळ आज तशीच चमकते. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना येथे केली, अशी परंपरा आहे. पण ही घळ तीच, ही ओळख १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी जुन्या लेखनातील उल्लेखांचा माग काढत पटवली. ते चिन्ह नकाशावर येण्यामागे एका अभ्यासकाची पायपीट आहे. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी दाखवली जाते, ‘शिवभारत’ लिहिणाऱ्याची. कथा सांगणारेही याच नकाशाचे भाग आहेत.

२१/
खेळ माणसांना खऱ्या जागेपर्यंत नेऊ शकतो. १२७४च्या मंगोल स्वारीवरचा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (२०२०) इतिहासाशी बरीच सवलत घेतो. तरीही त्याच वर्षी जपानच्या त्सुशिमा बेटावरील एका मंदिराचे तोरणद्वार वादळात कोसळले, तेव्हा ते पुन्हा उभारण्यासाठी खेळणाऱ्यांनीही देणग्या दिल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. रायगड आणि प्रतापगड त्यांत आहेत. मंगळगड, चंद्रगड, कावळ्या नाहीत. पण भूप्रदेश म्हटला की दोन किल्ल्यांमधले खोरेही आलेच, आणि त्या खोऱ्यातली माणसेही.

२२/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या ॲक्शन आरपीजीत दोन पर्याय समोर आले, तर बटण दाबण्यापूर्वी तीन प्रश्न विचारून पाहावेत. या पात्राला या क्षणी काय ठाऊक आहे? ते त्याला कोणी सांगितले? आणि त्याच्या निवडीची किंमत त्याच्याखेरीज कोण मोजणार आहे? हेच तीन प्रश्न शकावली आणि बखरी शेजारी ठेवून जावळीलाही विचारावेत. मुरारबाजींच्या १६५६च्या निर्णयामागे तुम्हांला कोणते कारण सर्वांत वजनदार वाटते, आणि कोणत्या पुराव्यावरून? उत्तर पुराव्यासह खाली लिहा.